विश्लेषण : आवाज वाढला, पण गाणे चिरडले गेले? ‘डेथ मॅग्नेटिक’वरून रॉकचे चाहते आजही का भांडतात?

एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या. एक सीडीवरची, दुसरी व्हिडीओ गेममधली. चाहत्यांनी दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्या आणि संगीत उद्योगाची कित्येक वर्षांची खोड चव्हाट्यावर आली. ‘लाउडनेस वॉर’ म्हणजे काय, त्यात कोणते अल्बम सापडले, चाहत्यांची तक्रार कितपत खरी आणि आज मोबाइलवर ऐकणाऱ्याचा याच्याशी संबंध काय?

१२ सप्टेंबर २००८. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ बाजारात आला तेव्हा चाहते पाच वर्षे वाट पाहून थकले होते. आधीच्या ‘सेंट अँगर’ने (२००३) निराशा केली होती. त्यातला स्नेअर ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजतो, हा विनोद रॉकच्या वर्तुळात आजही चालतो. त्या अल्बममध्ये गिटारचे सोलोही नव्हते. नव्या अल्बममध्ये सोलो परतले, गाणी पुन्हा लांबलचक आणि वेगवान झाली आणि निर्माता म्हणून रिक रुबिन यांच्यासारखे मोठे नाव जोडले गेले. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच सुमारे ४ लाख ९० हजार प्रती खपल्या. थोडक्यात, सगळे जुळून आले होते.

मग सीडी ऐकताना अनेकांचे कान का दुखू लागले?

नेमके काय घडले?

अल्बम आला त्याच सुमारास त्याची गाणी ‘गिटार हीरो ३’ या व्हिडीओ गेमसाठीही विकायला ठेवली गेली. प्लास्टिकची गिटार हातात धरायची आणि पडद्यावरून सरकत येणाऱ्या रंगीत खुणांप्रमाणे बटणे दाबायची, असा हा गेम. ज्यांच्याकडे सीडी आणि गेम दोन्ही होते, त्यांच्या लक्षात आले की गेममधली गाणी जास्त चांगली वाजतात. ड्रमचा ठोका ठोक्यासारखा ऐकू येतो, गिटार आणि झांजा एकमेकांत मिसळून त्यांचा चिखल होत नाही. सीडीवर मात्र सगळे एका पातळीवर, सतत, कुठेही दम न घेता अंगावर येते. वर मोठ्या भागांत चिरका, फाटका आवाज.

असे का, याचे उत्तर गेमच्या रचनेत आहे. खेळणाऱ्याने चुकीचे बटण दाबले तर फक्त गिटारचा आवाज बंद पडला पाहिजे आणि बाकीचे वादन चालू राहिले पाहिजे. त्यासाठी गेम बनवणाऱ्यांना तयार गाणे देऊन भागत नाही. गिटार, बास, ड्रम, गायन यांचे सुटे ट्रॅक द्यावे लागतात. हे सुटे ट्रॅक सीडीच्या शेवटच्या प्रक्रियेतून गेलेले नव्हते. म्हणजे गाण्यावर नेमका कुठे आणि किती रोलर फिरला, याचा पुरावाच चाहत्यांच्या हातात आला.

ध्वनीच्या लहरींचे आलेख शेजारी शेजारी मांडलेली चित्रे इंटरनेटवर फिरू लागली. गेममधल्या आवृत्तीचा आलेख डोंगररांगेसारखा, चढउतारांचा. सीडीचा आलेख म्हणजे वर आणि खाली सपाट कापलेली वीट. अल्बमचे पुन्हा मिक्सिंग किंवा मास्टरिंग करा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर दहा हजारांहून अधिक सह्या झाल्या. अल्बमचे मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला पाठवलेला ईमेल बाहेर फुटला. आपल्याकडे आलेले मिक्सच आधीपासून दाबलेले होते आणि या कामाशी आपले नाव जोडले जाणे अभिमानाचे वाटत नाही, असा त्याचा आशय होता. ड्रमर लार्स उलरिक यांनी मात्र ठामपणे बाजू घेतली. ध्वनीत काही बिघडलेले नाही, २००८मध्ये रेकॉर्ड अशाच बनतात, ही त्यांची भूमिका.

मिक्सिंग आणि मास्टरिंग यांत फरक काय?

चाहत्यांच्या वादात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून आधी हे स्पष्ट करायला हवे. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होते. ड्रमलाच अनेक माइक लागतात. हे सगळे ट्रॅक एकत्र करून कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे हे ठरवणे म्हणजे मिक्सिंग. तयार झालेल्या दोन ट्रॅकच्या, म्हणजे स्टीरिओ गाण्याचा पोत आणि पातळी ठरवून ते सीडी, विनाइल किंवा स्ट्रीमिंगसाठी सिद्ध करणे म्हणजे मास्टरिंग. मिक्सिंग हा स्वयंपाक, तर मास्टरिंग ताट वाढण्याआधी चव बघून शेवटचा हात फिरवणे. आमटी खारट झाल्यावर वाढणारा फार काही करू शकत नाही. जेन्सन यांचे म्हणणे साधारण हेच होते.

म्हणूनच अल्बमवर ‘रिमास्टर’ लिहिले असेल तर जुन्याच मिक्सवर नव्याने हात फिरवलेला असतो. ‘रिमिक्स’ लिहिले असेल तर मूळ सुट्या ट्रॅकपासून पुन्हा सुरुवात केलेली असते. (इथे रिमिक्सचा लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या रिमिक्सशी संबंध नाही.)

आवाज ‘दाबणे’ म्हणजे काय?

डिजिटल ध्वनीला वर एक पक्के छत असते. सीडीवर प्रत्येक क्षणाची नोंद १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर होते. सेकंदाला ४४,१०० वेळा. सर्वांत वरच्या पायरीला शून्य डेसिबल म्हणतात आणि बाकी सगळे त्याच्या खाली, उणे मोजले जाते. छताच्या वर जागा नाही. लहर तिथे पोहोचली की तिचा माथा छाटला जातो. याला ‘क्लिपिंग’ म्हणतात आणि कानाला ते खरखर किंवा चिरकेपणा म्हणून जाणवते.

आता एक गाणे घ्या. ड्रमच्या ठोक्याचा क्षणिक माथा छताला टेकलेला आहे, पण गायन आणि गिटार बरेच खाली आहेत. सगळ्याचा आवाज वाढवायचा तर ठोका छताला आदळतो. मार्ग एकच, ठोक्याचा माथा दाबायचा. हे काम कंप्रेसर आणि लिमिटर ही उपकरणे करतात. माथे खाली आले की वर मोकळी जागा मिळते. मग अख्खे गाणे तेवढे वर उचलता येते. पुन्हा दाबा, पुन्हा उचला. प्रत्येक फेरीत गाणे ‘मोठे’ होते आणि हळू भाग व मोठा भाग यांतले अंतर कमी होत जाते. या अंतरालाच ‘डायनॅमिक रेंज’ म्हणतात.

सीडीची क्षमता सुमारे ९६ डेसिबलच्या अंतराची आहे. चाहते वापरतात त्या ‘डीआर’ मोजणीत गाण्यातली उंच टोके आणि त्यातल्या मोठ्या भागांची सरासरी पातळी यांतले अंतर पाहिले जाते. ‘डेथ मॅग्नेटिक’च्या सीडीचा आकडा येतो अवघा ३ च्या आसपास. सोळा पदरी महामार्ग बांधायचा आणि सगळी वाहने एकाच लेनमधून न्यायची, तसा हा प्रकार.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे ‘कम्प्रेशन’ आणि एमपी३ फाइलचे ‘कम्प्रेशन’ या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. एमपी३मध्ये फाइलचा आकार कमी होतो, आवाजातले चढउतार साधारण तसेच राहतात. उलट, महागडे ‘लॉसलेस’ सबस्क्रिप्शन घेतले तरी मास्टरच दाबलेला असेल तर तो तंतोतंत दाबलेलाच ऐकू येणार.

रॉक तर मोठ्यानेच ऐकायचे असते, मग बिघडले कुठे?

हा प्रश्न रास्त आहे. कॉन्सर्टमध्ये कानठळ्या बसतात आणि त्यासाठीच लोक जातात. ३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिकाने बंगळूरुच्या पॅलेस ग्राउंड्सवर कार्यक्रम केला. दोन दिवस आधीचा गुरुग्राममधला कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला होता. बंगळूरुला जाण्यासाठी मुंबई-पुण्याहून रजा टाकून निघालेल्या कुणालाही हळू आवाज ऐकायचा नव्हता.

पण कॉन्सर्टचा मोठेपणा अँप्लिफायरमधून येतो आणि त्यात चढउतार शाबूत असतात. घरीही आवाज वाढवायला बटण आहेच. रेकॉर्डमध्येच मोठेपणा कोंबला, तर बटण कुठेही ठेवले तरी सपाटपणा जात नाही. मिरवणुकीतले ढोल-ताशा पथक आठवा. ताशाची तर्री एकटी चालू असते, ढोल थांबलेले असतात आणि मग पहिला ठोका पडतो तेव्हा छातीत जाणवतो. तो ठोका मोठा वाटतो, कारण त्याआधी तो नव्हता. ताशा आणि ढोल दोन्ही सतत सारख्याच पातळीवर ठेवले तर उरतो तो निव्वळ गोंगाट.

मेटॅलिकाची जुनी ताकद नेमकी याच अंतरात होती. संथ, स्वच्छ गिटारने सुरुवात आणि मग एकदम कोसळणारी भिंत. भिंत आधीपासूनच अंगावर असेल तर कोसळणार काय?

मग कंपन्या असे करतातच का?

कारण कान फसतो. १९३३मध्ये बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की, पातळी कमी असताना माणसाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. पातळी वाढली की तेच संगीत अधिक भरदार वाटते. त्यामुळे दोन गाणी पाठोपाठ लावली की किंचित मोठे असलेले गाणे ‘चांगले’ वाटते. गाणे बदललेले नसते, फक्त पातळी बदललेली असते. मालिकेच्या मध्येच जाहिरात मोठ्याने का येते, याचेही उत्तर हेच.

ही स्पर्धा रॉकच्याही आधीची. ज्यूकबॉक्सच्या जमान्यात आपली तबकडी शेजारच्यापेक्षा दबकी वाजू नये, अशी धडपड होतीच. पण विनाइलला शरीर असते. आवाज मोठा, विशेषतः बास मोठा, तर खाच रुंद कोरावी लागते. खाच रुंद तर एका बाजूला कमी मिनिटे मावतात आणि अति झाले तर सुई उडते. म्हणजे लोभाला निसर्गानेच लगाम घातला होता. १९८२मध्ये सीडी आली आणि लगाम सुटला. गंमत अशी की सुरुवातीची कित्येक वर्षे कुणी त्याचा गैरफायदा घेतला नाही. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) आजही स्पीकर तपासायला लावला जातो तो त्यातल्या मोकळेपणामुळे. नव्वदच्या दशकात डिजिटल लिमिटर आले, ते लहरीचा माथा येण्याआधीच ‘पाहून’ दाबू शकत, आणि मग शर्यत खरी पेटली.

ओअॅसिसचा ‘मॉर्निंग ग्लोरी’ (१९९५) पबमधल्या गोंगाटातही ऐकू येईल इतका वर उचललेला होता. रेड हॉट चिली पेपर्सचा ‘कॅलिफोर्निकेशन’ (१९९९) क्लिपिंगसाठी बदनाम झाला. त्याचेही निर्माते रिक रुबिनच. त्याच्या रिमास्टरसाठीही चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली होती.

कुणी चूक मान्य केली का?

केली. आणि या सगळ्या वादात ऐकण्यासारखी गोष्ट तीच आहे.

कॅनडाच्या रश या त्रिकुटाचा ड्रमर नील पीअर्ट. १९९७मध्ये त्याची तरुण मुलगी अपघातात गेली. वर्ष उलटायच्या आत पत्नी कर्करोगाने गेली. पीअर्टने मोटारसायकल काढली आणि एकट्याने सुमारे ८८ हजार किलोमीटर भटकला. बँड जवळपास संपल्यात जमा होता. तो परत आला, तिघे टोरांटोत पुन्हा बसले, वर्षभराहून अधिक काळ काम केले आणि मे २००२मध्ये ‘व्हेपर ट्रेल्स’ आला. कीबोर्ड एकही नाही. पहिलेच गाणे सुरू होते ते पीअर्टच्या दुहेरी बास ड्रमच्या धडाक्याने. परत आलेल्या माणसाने दार ठोठावावे तशी ती सुरुवात.

आणि ती सुरुवात सीडीवर फाटलेली होती. गिटारचे थर, बास, ड्रम सगळे एकमेकांवर चढलेले. काही ठिकाणी दोष मास्टरिंगमध्ये होता, काही ठिकाणी मूळ मुद्रणातच आवाज फुटलेला होता. चाहत्यांची पंचाईत पाहा. ज्या अल्बमची त्यांनी सर्वाधिक आतुरतेने वाट पाहिली, ज्यामागचे दुःख त्यांना ठाऊक होते, तोच सलग ऐकवत नव्हता. वाईट म्हणायला जीभ रेटेना आणि ऐकत बसायला कान तयार होईनात.

बँडने हात झटकले नाहीत. गेडी ली आणि अॅलेक्स लाइफसन यांनी ध्वनी बिघडल्याचे मुलाखतींमधून मान्य केले. २००९मध्ये दोन गाणी नव्याने मिक्स करून एका संकलनात देण्यात आली. ती ऐकून मागणी आणखी वाढली. अखेर डेव्हिड बॉट्रिल यांनी अख्खा अल्बम सुट्या ट्रॅकपासून पुन्हा मिक्स केला आणि २०१३मध्ये ‘व्हेपर ट्रेल्स रिमिक्स्ड’ बाजारात आला. अकरा वर्षांनी पीअर्टचे ड्रम मोकळे झाले. मूळ मुद्रणात फुटलेला आवाज पूर्ण सांधता येत नाही, त्यामुळे नवी आवृत्तीही निर्दोष नाही. काही चाहत्यांना तर जुन्या आवृत्तीतला रासवटपणाच जवळचा वाटतो. पण निदान आता निवड आहे. पीअर्ट यांचे जानेवारी २०२०मध्ये निधन झाले. त्यांच्या पुनरागमनाची सुरुवात नीट ऐकायची असेल तर २०१३चीच आवृत्ती लावावी.

मेटॅलिकानेही गाजावाजा न करता थोडी माघार घेतली. २०१५मध्ये आयट्यून्सवर आलेली ‘डेथ मॅग्नेटिक’ची नवी मास्टर आवृत्ती सीडीपेक्षा कमी दाबलेली आहे. १९८८च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’बाबत मात्र बँड हलायला तयार नाही. तिथली तक्रार वेगळी आहे. बास जवळपास ऐकूच येत नाही. क्लिफ बर्टन १९८६मध्ये स्वीडनमध्ये बस अपघातात गेल्यानंतर जेसन न्यूस्टेड आला. त्याचा हा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम आणि त्यातच तो गायब. मिक्सिंग करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसन यांनी पुढे मुलाखतीत उलरिक यांच्याकडे बोट दाखवले. चाहत्यांनी बास वर आणलेल्या घरगुती आवृत्त्या बनवल्या. २०१८मध्ये अधिकृत रिमास्टर आला, पण मिक्स तोच ठेवला. त्या काळी जसे केले तसेच राहू द्यायचे, हा बँडचा हट्ट. त्यालाही एक अर्थ आहे. छायाचित्रातून हरवलेला माणूस तीस वर्षांनी चिकटवला तर ते छायाचित्र तेच राहते का?

मोठा आवाज ही कला असू शकते का?

‘रॉ पॉवर’चे उदाहरण इथे सगळ्यांना निरुत्तर करते. इगी अँड द स्टूजेसच्या या १९७३च्या अल्बमचे मिक्सिंग डेव्हिड बोवी यांनी केले होते. घाईत, तुटपुंज्या साधनांत. अनेकांना ते पातळ वाटायचे. १९९७मध्ये खुद्द इगी पॉपने नवे मिक्स केले. सगळे काटे लाल पट्ट्यात नेऊन. आजवरच्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या रॉक अल्बमांत त्याची गणना होते. इथे कंपनीने गळचेपी केली असे म्हणायची सोय नाही, कारण ज्याचे गाणे त्यानेच ते केले. २०१०मध्ये बोवींचे मिक्स पुन्हा बाजारात आले आणि चाहत्यांचे दोन तट कायमचे पक्के झाले. हा अल्बम मुळातच तुटक्या काचेसारखा आहे. त्याला इगीचे मिक्स शोभते. रशसारख्या काटेकोर वादनाला तेच केले तर खून होतो. म्हणजे प्रश्न किती डेसिबल हा नाही, कोणत्या संगीताला, हा आहे.

चाहत्यांचे सगळेच बरोबर आहे का?

नाही. पहिली चूक आकड्यांची. अनेक चाहते विनाइलवरून फाइल बनवतात, तिचा डीआर मोजतात आणि सीडीच्या ७ ऐवजी ११ आला की विनाइलसाठी वेगळा, मोकळा मास्टर वापरल्याचा निष्कर्ष काढतात. तसे असेलच असे नाही. विनाइल कोरताना आणि सुईने वाचताना लहरीचा आकार बदलतो, सपाट माथ्यांना नवे टोक फुटते आणि त्याच मास्टरचा आकडा वाढून येतो. ब्रिटनमधले मास्टरिंग अभियंता इयन शेफर्ड हे ‘लाउडनेस वॉर’चे कट्टर विरोधक, पण विनाइलबाबतचा हा भ्रम त्यांनीच उदाहरणासह दाखवून दिला आहे.

दुसरी चूक, मोकळा ध्वनी म्हणजे चांगला अल्बम हे समीकरण. ‘डेथ मॅग्नेटिक’नंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २००८मध्ये गन्स अँड रोझेसचा ‘चायनीज डेमोक्रसी’ आला. मास्टरिंग करणाऱ्या बॉब लुडविग यांनी कमी-अधिक दाबलेल्या तीन आवृत्त्या बँडपुढे ठेवल्या. बँडने सर्वांत मोकळी निवडली. लुडविग स्वतः चकित झाले. ध्वनीच्या बाबतीत तो त्या वर्षीचा सभ्य अल्बम ठरला. पण एक दशकाहून अधिक वाट पाहायला लावणाऱ्या त्या अल्बममधली किती गाणी आज चाहत्यांच्या प्लेलिस्टमध्ये आहेत? ‘डेथ मॅग्नेटिक’ची गाणी मात्र शिव्या देत का होईना, ऐकली जातात.

तिसरी गोष्ट ऐकण्याच्या जागेची. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये साध्या इअरफोनवर अतिशय मोकळा अल्बम लावून पाहा. हळू भाग गर्दीत बुडतात, ते ऐकायला आवाज वाढवावा तर पुढचा मोठा भाग कानात घुसतो. थोडे कम्प्रेशन अशा ठिकाणी सोयीचेच असते. वैर कम्प्रेशनशी नाही, अतिरेकाशी आहे.

स्ट्रीमिंगने हे युद्ध संपवले का?

निम्मे. २००६मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची पद्धत ठरवली. त्यातून ‘एलयूएफएस’ हे एकक रूढ झाले. आज स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला आणून वाजवते, अॅपल म्युझिक ‘साउंड चेक’ चालू असेल तर उणे १६ च्या आसपास. समजा एखादा बँड गाणे दाबून दाबून उणे ६ पर्यंत नेतो. स्पॉटिफाय ते ८ डेसिबलने खाली ओढते. शेजारच्या मोकळ्या गाण्याइतकेच ते ऐकू येते. फरक इतकाच की मोकळ्या गाण्यातला ड्रम उसळतो आणि दाबलेल्या गाण्यातला पातळी खाली आल्यावरही सपाटच राहतो. म्हणजे ज्यासाठी गाण्याचा बळी दिला तो फायदाच रद्द झाला.

तरी अनेक नवे अल्बम मोठेच येतात. सवय आहे, मीटिंगमध्ये मोठी आवृत्तीच पसंत पडते आणि एका पिढीच्या कानाला तोच पोत ‘रॉक’ वाटतो.

नवी अडचण आणखी वेगळी आहे. स्ट्रीमिंगवर अनेक जुन्या अल्बमांची फक्त रिमास्टर आवृत्ती उपलब्ध असते. मूळ मास्टर गुपचूप बाजूला सरकवलेला असतो. २००० च्या आसपास आणि त्यानंतर आलेले अनेक रिमास्टर मूळ सीडीपेक्षा जास्त दाबलेले आहेत. निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ची (१९९१) २०११ची आवृत्ती मूळ सीडीपेक्षा मोठी आहे आणि त्यावरून बरीच टीकाही झाली. एखाद्याने नव्वदच्या दशकात ऐकलेला अल्बम आज फोनवर लावला आणि ‘तेव्हाची मजा नाही’ असे त्याला वाटले, तर तो केवळ वयाचा परिणाम असेलच असे नाही. खरोखर वेगळीच फाइल वाजत असू शकते. म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या, कुणी फुकट नेईना अशा जुन्या सीडींना जाणकार चाहत्यांत पुन्हा मागणी आहे.

मोबाइलवर फरक कसा ओळखायचा?

आधी गाण्याच्या किंवा अल्बमच्या नावापुढे ‘रिमास्टर्ड’ आणि वर्ष लिहिले आहे का ते पाहा. त्याच अल्बमची दुसरी आवृत्ती अॅपमध्ये असेल तर दोन्ही प्लेलिस्टमध्ये टाका. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये आवाज समान करण्याचा पर्याय (नॉर्मलायझेशन) चालू ठेवा आणि पातळी ‘नॉर्मल’वर ठेवा, ‘लाऊड’वर नको. आयफोनवर म्युझिकच्या सेटिंगमध्ये ‘साउंड चेक’ चालू करा. हे केल्याशिवाय तुलना करू नका, नाहीतर मोठी आवृत्ती पहिल्या दहा सेकंदांत जिंकेल आणि तुम्हीही त्याच सापळ्यात सापडाल.

मग गाण्यातला सर्वांत गजबजलेला भाग निवडा, पहिले कडवे नको. स्नेअर ड्रमकडे लक्ष द्या. तो बाकीच्या आवाजातून सुटा बाहेर येतो की त्यातच विरघळतो? झांजांचा नाद हळूहळू विरतो की मध्येच आत ओढला जातो? शेवटची खूण कानाची नाही, वेळेची आहे. दाबलेला अल्बम सुरुवातीला जोरदार वाटतो आणि चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत कान शिणतात. अल्बम अर्ध्यात बंद करून तुम्ही दुसरे काही लावले आणि का ते कळले नाही, असे झाले असेल तर त्याच अल्बमची जुनी आवृत्ती शोधून एकदा शेवटपर्यंत ऐका. सुरुवातीला रशचा ‘व्हेपर ट्रेल्स’ घ्यायला हरकत नाही. २००२ची आणि २०१३ची आवृत्ती, दोन्हींतले पहिले गाणे, पहिली वीस सेकंदे.